मोठ्या कंपनीत नवी कल्पना पायलटच्या पुढे कशी न्यायची?

इनोव्हेशन टीममध्ये नव्याने आलेल्यांना वाटतं, आपलं काम म्हणजे कल्पना शोधणं. कल्पना मुबलक असतात. गाडी अडते ती पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरचा प्रयोग, संपल्यावर. प्रयोग यशस्वी होतो, कौतुकही होतं, पण पुढचा खर्च कोणत्या विभागाने उचलायचा हे कुणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून आधी स्पॉन्सर गाठा. नुसता 'पाठिंबा आहे' म्हणणारा वरिष्ठ पुरत नाही. उद्या ज्या विभागाला हे रोज चालवायचं आहे, तिथला बजेटवर सही करणारा माणूस हवा. त्याच्याबरोबर एका पानावर लिहून घ्या: काय तपासायचं, मुदत किती (8 ते 12 आठवडे बहुधा पुरतात), कोणता आकडा गाठला तर पुढे जायचं, कोणत्या आकड्याखाली थांबायचं आणि नंतर सांभाळणार कोण. थांबण्याचा आकडा आधी लिहिलेला नसेल तर 'नको' म्हणायला कुणी धजत नाही आणि मुदतवाढी मिळत राहतात.

सिक्युरिटी, लीगल आणि खरेदी विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटा. लोक त्यांना अडथळा समजून टाळतात, हे चुकीचं आहे. त्यांच्याकडे शेवटच्या दिवशी फाइल गेली की तपासायला वेळच उरत नाही, मग नकारच येणार. नव्या व्हेंडरची नोंदणीसुद्धा कित्येक आठवडे खाते.

चाचणी कशी घेता यावरही निकाल बदलतो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने 1977 मध्ये चिकटचिठ्ठ्या (पोस्ट-इट) चार शहरांतल्या दुकानांत ठेवल्या, तेव्हा फारशा खपल्या नाहीत. पुढच्या वर्षी बॉयसी शहरात नमुने फुकट वाटले. वापरून पाहिल्यावर लोक मागू लागले आणि 1980 मध्ये अमेरिकाभर विक्री सुरू झाली. वस्तू तीच होती. उलट चूकही होते: सगळ्यात उत्साही टीमवर पायलट केला की आकडे फुगतात. एक नाखूश टीमही घ्याच. आणि तुमची माणसं मागे बसून हाताने डेटा दुरुस्त करत असतील तर ते तास खर्चात धरा, नाहीतर वापर वाढताच हिशेब कोलमडतो.

तारीख उलटी मोजा. पुढच्या वर्षाचं बजेट काही महिने आधीच गोठतं. निकाल त्यानंतर आला तर वर्षभर थांबावं लागतं. शिवाय काम चालवणाऱ्या विभागाकडे सोपवल्यानंतर मूळ टीममधला किमान एक जण तीनेक महिने त्या विभागात बसेल, हेही त्याच पानावर लिहा.