देव मानत नाही आणि अ‍ॅडमिशन ट्रस्टच्या कॉलेजात? मग हे वाच

दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, ताई तू तीन वर्षं तिथं काढलीस कशी. तिथं म्हणजे सांगलीजवळच्या एका धार्मिक ट्रस्टच्या कॉलेजात, हॉस्टेलला पहाटे साडेपाचला प्रार्थना, संध्याकाळी आरती, मेसला कांदा-लसूण नाही, प्रत्येक जिन्यावर ट्रस्टच्या महाराजांचा फोटो, आणि मी कोरेगावकडची पोरगी जिचा देवावरचा विश्वास दहावीतच उडालेला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. शिकवायचे चांगलं, फी परवडायची, केमिस्ट्रीची लॅब झकास होती, म्हणून तर गेले. तुझंही तसंच असणार, मार्क आणि पैसे बघून कॉलेज ठरतं, देव बघून नाही. तर मला जे जमलं आणि जे अंगलट आलं ते सगळं सांगते.

पहिलं काम अ‍ॅडमिशनच्या आधीचं. कॉलेज आणि हॉस्टेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं ठेव. रोज येऊन-जाऊन करणाऱ्या पोरांना फार काही त्रास नसतो, उत्सवाला एक दिवस हॉलमध्ये बसायचं, संपला विषय. मिरज, तासगाव, इस्लामपूर असल्या अंतरावर राहत असशील तर एसटीचा पास काढ आणि मोकळी हो. खरी गंमत हॉस्टेलला. तिथला फॉर्म तीन-चार पानी असतो आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘संस्थेच्या दैनंदिन धार्मिक कार्यक्रमांना उपस्थित राहीन’ असली एखादी ओळ असते, खाली तुझी सही आणि पालकांची सही. मी न वाचता केली, पप्पांनी तर चष्मासुद्धा नव्हता लावला. ती ओळ वाच, झेरॉक्स काढून ठेव, आणि पटत नसेल तर सही करायच्या आधीच ऑफिसात विचार की प्रार्थना सक्तीची आहे का. बहुतेक वेळा क्लार्क म्हणतो, ‘बघू की नंतर.’ ते ‘नंतर’ लई महागात पडतं.

आता पहिल्या सेमला मी जे केलं ते तू करू नको. आमच्याकडं प्रार्थनेला हजेरी लागायची, रेक्टर मॅडमच्या वहीत, पण ज्या पोरीला पाळी आली असेल तिला प्रार्थना हॉलमध्ये यायचंच नसायचं. तिच्या नावापुढं मॅडम ‘अ’ लिहायच्या, अ म्हणजे अडचण. मला वाटलं, चला, रस्ता सापडला. ऑगस्टमध्ये दोन ‘अ’ झाले, सप्टेंबरात गणपती आले, दहा दिवस डबल आरत्या, मग मी तिसरा ‘अ’ लावून घेतला आणि खोलीत ब्लँकेट ओढून मस्त झोपले. मॅडमनी चौथ्या दिवशी बोलावलं, वही उघडून बोट ठेवलं आणि काळजीनं म्हणाल्या, ‘अगं, हे बरं नाही, दर पंधरा दिवसाला येतेय तुझी. घरी सांगितलंस का?’ मी गप्प. त्यांनीच आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी आई कोरेगावहून एसटी बदलत बदलत हजर, पिशवीत डाळिंबं आणि शतावरीचा डबा. मला धरून सांगलीत विश्रामबागेत डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेली, तिथं तासभर नंबर लागेना, आणि त्या बाकावर बसून मला सगळं सांगावं लागलं. आई थोडा वेळ पंख्याकडं बघत बसली मग म्हणाली, ‘आरतीला जायचं नसंल तर तसं सांगायचं की, आजार कशाला लावून घेतीस अंगाला.’ मी उठायला लागले तर म्हणे, ‘बस खाली, आता आलोय तर दाखवूनच जाऊ.’ हिमोग्लोबिन ९ निघालं, ते वेगळंच लफडं.

पण खरी लाज मला नंतर वाटली. शेजारच्या खोलीतली एकजण सरळ म्हणाली, आम्हाला खरंच बाहेर बसवतात तेव्हा पोटात कळ असते, आणि तू त्याचा पास बनवलास होय. काय बोलणार. ज्या प्रथेला येता-जाता शिव्या घालत होते तिच्याच पदराआड लपले होते. म्हणून सांगते, खोटी कारणं नको. डोकं दुखतंय, जर्नल राहिलंय, कोणाचातरी फोन येणाराय, हे महिनाभर चालतं, मग वही बोलते.

त्यापेक्षा अर्ज कर. मराठीत, अर्ध्या पानाचा, भाषण न ठोकता. माझा साधारण असा होता: ‘मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून सकाळच्या प्रार्थनेत व सायंकाळच्या आरतीत सहभागी होण्यास माझी संमती नाही. त्या वेळेत मी वाचनालयात बसेन व हजेरी त्याच वेळी देईन. वसतिगृहाचे इतर सर्व नियम मी पाळते व पाळेन.’ बास. देव नाही, धर्म थोतांड आहे, विज्ञान काय म्हणतं, यातलं एक अक्षर घालू नको, कारण अर्ज वाचणाऱ्याला तुझ्याशी वाद घालायला निमित्तच हवं असतं. दोन प्रती काढ, एक ऑफिसला दे, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घे. क्लार्क म्हणेल शिक्क्याची काय गरज, हसून म्हण, घरी दाखवायचाय.

‘संमती’ हा शब्द मी उगाच नाही घातला. आपल्या संविधानात कलम २८(३) आहे. सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, आणि वय १८ च्या आत असेल तर संमती पालकांची लागते. हे दोन्ही बाजूंनी समजून घे. कॉलेज ट्रस्टचं असलं तरी मान्यता सरकारची असते, त्यामुळं कलम लागू पडतं. पण अकरावी-बारावीला असशील तर तुझं नाही, आईबापाचं चालतं, म्हणजे आधी लढाई घरात. आणि कलम उपासनेपुरतं आहे. साडेपाचला उठा, खोली झाडा, नऊला गेट बंद, मेसला शाकाहारीच, याला ते लावत बसू नको, लोक हसतील. आमच्या मजल्यावर एकीनं इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडली होती, वास जिन्यापर्यंत, किटली जप्त आणि तिच्यामुळं सगळ्यांच्या किटल्या जप्त. अंडी खायची तर बाहेर गाड्यावर जाऊन खा, बुर्जी पण चांगली मिळते.

मॅडमनी माझा अर्ज वाचून जे उत्तर दिलं ते मला अजून आवडतं. म्हणाल्या, प्रार्थना नको तर नको, पण उठायचं सगळ्यांबरोबर, आणि सतरंज्या घालायचं काम तुझं. मी तीन वर्षं सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. उत्सवाला पंगतीत वाढलं, खुर्च्या लावल्या, माईकची वायर सोडवली. तुलाही हेच सांगेन, कामाला कधी नाही म्हणू नको. उपासना टाळणारी पोरगी आणि काम टाळणारी पोरगी या दोघी लोकांना लांबून सारख्याच दिसतात, तो फरक तुलाच दाखवावा लागतो. माझ्याबद्दल ट्रस्टींपर्यंत तक्रार गेली होती तेव्हा माझ्या बाजूनं बोलल्या त्या रेक्टर मॅडमच, आणि बोलल्या काय तर ‘पोरगी कामाची आहे’.

कार्यक्रम चालू असताना हॉलमध्ये अडकलीसच तर? सगळे उभे राहिले की उभी राहा, हात जोडायचे नसतील तर नको जोडू, मोबाईल काढू नको, मागं बसून फिदीफिदी तर अजिबात नको. उभं राहणं म्हणजे पूजा नव्हे. केरळातल्या तीन भावंडांची केस आहे, शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण म्हणायची नाहीत म्हणून शाळेतनं काढलं, १९८६ ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ती पोरं नास्तिक नव्हती हां, उलट लई धार्मिक, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. म्हणजे गप्प राहायचा हक्क नास्तिकांनी एकट्यानं कमावलेला नाही.

वाद घालायचा तर नीट अभ्यास करून घाल. हॉस्टेलला रात्री दहानंतर हा विषय निघतोच, आणि कोणीतरी म्हणतंच की देव न मानणं हे पुण्या-मुंबईचं खूळ. तेव्हा सांग, समाजसुधारक आगरकर कुठले, कराडजवळच्या टेंभूचे, १८५६ चा जन्म. हल्ली टेंभू म्हटलं की सगळ्यांना उपसा सिंचन योजनाच आठवते. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मग मिरजेच्या मेडिकलला. म्हणजे हे आपल्याच मातीतलं आहे. पण एक चूक करू नको जी मी केली. मी फुल्यांना नास्तिक म्हणून बसले आणि समोरची मराठीवाली होती, तिनं लगेच पकडलं, फुले ‘निर्मिक’ म्हणजे जग निर्माण करणारा मानायचे, नास्तिक कुठनं आले. बरोबर होतं तिचं. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं पण तसंच, त्यांची भूमिका देवाधर्माला विरोध अशी नव्हतीच, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आणि अघोरी प्रकारांना विरोध होता. तरीपण २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. हे सांगून झालं की खोलीत जरा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग तिथंच विषय थांबवलेला बरा.

रूममेटच्या देव्हाऱ्याला हात लावू नको. तिची अगरबत्ती सोसत नसेल तर धुराचं बोल, देवाचं नको. आमच्या ग्रुपमध्ये संकष्टीला सांगलीच्या गणपतीला जायची पद्धत होती, मी पण जायचे, बाहेर चपला सांभाळायचे, नंतर सगळ्याजणी भडंग खात कृष्णेच्या घाटावर बसायचो. पोरी म्हणायच्या, ही आमची चपलांची ट्रस्टी. चालतंय.

फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्याबद्दल खूप पोरं विचारतात. २०१४ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलंय की सरकार कोणाला धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, ‘धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क आहे. हक्क आहे म्हणून लगेच वापरायलाच पाहिजे असं नाही. तुझी स्कॉलरशिप, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी यात नोंदी जुळाव्या लागतात, अनुसूचित जातीचा दाखला तर कायद्यानं हिंदू, शीख, बौद्ध यांच्यापुरताच आहे. एका रकान्यात शहाणपणा करून वर्षभर समाजकल्याणच्या चकरा मारायची हौस असेल तर मार. मी दाखल्यावर होतं तेच लिहिलं, मला काडीचं वाईट वाटलं नाही.

आणि अर्ज करूनही कोणी छळत असेल, इंटर्नलचे मार्क कापतो म्हणत असेल, पोरी तुला वाळीत टाकत असतील, तर पायरी-पायरीनं जा. रेक्टर, मग प्राचार्य, सगळं लेखी. माझ्या वेळी पुढं काय हे कोणाला माहीत नव्हतं, आता यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा वरचा माणूस. धर्मावरून पोरांनी एखाद्याला त्रास देणं, एकटं पाडणं हे रॅगिंगच्या नियमांतही येतं, हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. पण खरं सांगू, बहुतेक गोष्टी रेक्टरच्या खोलीतच मिटतात, जर तिथं रडत किंवा ओरडत गेली नाहीस तर.

घरी कधी सांगायचं? गणपतीत नको, लग्नघरात नको, पप्पांचा ऊस तोडीला लागलाय तेव्हा तर नकोच. दिवाळीच्या सुट्टीत, फराळ संपत आल्यावर, आधी आईला. ‘मी नास्तिक आहे’ म्हटलं की घरच्यांना वाटतं पोरगी दारू प्यायला लागली. ‘मला पूजेत रस नाही, तुम्ही करा, मी फुलं आणून देते’ असं सांग, तेवढंच पुरतं.

राहिला प्रसाद. यावर लई डोकं खाल्लं मी स्वतःचं, घ्यायचा की नाही. पहिल्या वर्षी नको म्हणायचे, तत्त्व म्हणून. मेसच्या मावशींना ते फार लागायचं, त्यांना वाटायचं मी त्यांच्या हाताला नाव ठेवते. दुसऱ्या वर्षीच्या उत्सवाला त्यांनी मला मागच्या दारानं बोलावलं, पदराखालून स्टीलची वाटी काढली, वर केळीच्या पानाचा तुकडा, आत शिरा, अजून गरम. इकडं-तिकडं बघत हळूच म्हणाल्या, ‘नैवेद्य दाखवायच्या आधीच काढलाय तुझ्यासाठी, प्रसाद नाही हा, आता तरी खा.’ ज्या बाईनं आयुष्यात नैवेद्याच्या आधी मीठसुद्धा चाखलं नसेल तिनं हे केलं. पुढच्या वर्षी पण केलं. मी तो प्रसादाचा पण खाल्ला असता एव्हाना, पण ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.