गोट्यांवरची भिंत

माझे वडील गवंडी होते. नवी दगडी भिंत बघायला गेले की जाडी नंतर, आधी एकच प्रश्न, "हेडर कुठं टाकलेत?" हेडर म्हणजे भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू जोडणारा लांब आडवा दगड. आठवीच्या मुलांना बांधकामाचा धडा मी तिथूनच सुरू करते, कारण आमची शाळा औसा तालुक्यातली आहे आणि किल्लारी इथून लांब नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, काही त्याहूनही जास्त. त्याच भिंतींखाली हजारो माणसं गेली. इतकी जाड भिंत ढासळली कशी, ते तुम्हाला एका फळीवर बघता येईल.

लागेल ते असं: एक फळी किंवा पाट, वीसेक गोट्या, सुपारीएवढे खडे, बारीक खडी, चिकणमाती आणि बोटाएवढे लांब सात-आठ चपटे दगड.

फळीवर वीतभर लांबीच्या दोन भिंती बांधा. प्रत्येक भिंतीला खड्यांच्या दोन रांगा, मध्ये बोटभर जागा, त्या जागेत खडी आणि माती. जुन्या घरांच्या भिंती अशाच असत. बाहेरून एकसंध दिसायच्या, आत दोन वेगळे पदर आणि मध्ये भराव. पहिली भिंत तशीच राहू द्या. दुसरीत दर दोन थरांनंतर लांब दगड आडवे घाला, एक टोक या पदरात, दुसरं त्या पदरात. हाच हेडर. दोन दिवस वाळू द्या. घाई केलीत तर ओली माती चिकटून राहते आणि खरं काय ते दिसत नाही.

आता फरशीवर गोट्या पसरा, त्यांवर फळी ठेवा आणि मागेपुढे हलवा. आधी हळू. मुलं पहिल्याच झटक्यात जोर लावतात, मग सगळं एकदम पडतं आणि बघायचं राहून जातं. वाकून पहिल्या भिंतीच्या टोकाकडून बघा. मधली खडी खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर रेटते, भिंतीला पोट येतं आणि बाहेरचा पदर गळून पडतो. दुसऱ्या भिंतीचे पदर फाकायला बघतात, पण आडवे दगड त्यांना धरून ठेवतात. खऱ्या भिंतीत हेडर उंचीत दर दोन फुटांना आणि आडवे चार फुटांच्या आत हवेत.

मग छप्पर. आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असायचं, लाकडावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. गळू नये म्हणून लोक त्यावर पुन्हा माती टाकत, वजन वाढत जाई. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागे जातो ना, तसंच होतं. जमीन सरकते, जड छप्पर मागे राहतं आणि त्याची सगळी ओढ भिंतीच्या माथ्यावर येते. नवी भिंत बांधून एकदा वर नुसता पुठ्ठा ठेवा, एकदा पुठ्ठ्यावर मातीचा गोळा ठेवा. फरक हाताला कळेल.

चार पुठ्ठे उभे करून खोली करा. टिचकी मारली की कोपरे सुटतात. दाराच्या वरच्या उंचीला चारही बाजूंनी सुतळी घट्ट आवळा आणि परत टिचकी मारा. घरात या सुतळीचं काम लिंटेलच्या, म्हणजे दाराखिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या, उंचीला सलग फिरवलेला सळई-काँक्रीटचा पट्टा करतो. फक्त दाराखिडक्यांवर तुकडे टाकले तर तो पट्टा होत नाही, हे वहीत लिहून घ्या.

त्रिकोणाचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडलेला चौकोन कलतो, कर्णावर पाचवी पट्टी लावली की कलत नाही. विजेचे मनोरे आठवा.

शेवटी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि गल्लीतल्या एखाद्या जुन्या दगडी भिंतीपाशी मोठ्या माणसासोबत जा. दोरा वरून सोडा, भिंत मध्येच दोऱ्याला टेकते का बघा. टेकत असेल तर पोट आलंय. त्या भिंतीच्या आडोशाला खेळू नका, आणि घरातल्यांना त्याच दिवशी आणून दाखवा.