शिक्षेचं तत्त्वज्ञान वाचायला घेताय? बेकारियापासून सुरुवात करा

प्रतिशोधात्मक (केल्याची फेड म्हणून), प्रतिबंधक (धाक बसावा म्हणून), सुधारणात्मक (गुन्हेगार सुधारावा म्हणून) हे शिक्षेचे तीन सिद्धांत आणि त्यांचे गुणदोष, एवढ्या भांडवलावर परीक्षा निघते. विषय मात्र हाती लागत नाही. नव्याने येणाऱ्यांना मी एकच सांगतो: समोरचा विचारवंत नेमक्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देतोय ते आधी बघा. शिक्षा मुळात का असावी, कोणाला द्यावी आणि किती द्यावी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. वर्गातली निम्मी भांडणं त्यांच्या सरमिसळीतून होतात.

बहुतेक जण प्लेटोपासून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. इटालियन विचारवंत चेझारे बेकारियाचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं १७६४ चं पुस्तक छोटं आहे, भाषा सरळ आहे. वयाच्या २६ व्या वर्षी त्याने ते निनावी छापलं. छळ करून कबुली घेण्यावरचं प्रकरण दोनदा वाचा. तो म्हणतो, छळात धडधाकट गुन्हेगार तग धरून सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. शिवाय निरपराध माणूस सुटला तरी यातना भोगूनच सुटतो, म्हणजे दोन्हीकडून त्याचंच नुकसान. केवळ दयेच्या नावाने गळा न काढता त्याने इथे हिशोब मांडलाय. म्हणूनच फाशीला विरोध करताना तो जन्मभराची सक्तमजुरी सुचवतो: क्षणभराच्या मरणापेक्षा लांबलेल्या हालांची जरब जास्त. दचकायला होतं, आणि दचकायलाच हवं.

मग जर्मन तत्त्वज्ञ कांट, त्याचा १७९७ चा ग्रंथ. बेटावर राहणाऱ्या समाजाने विखुरायचं ठरवलं, तरी आधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी द्यावी, हे त्याचं म्हणणं सगळे चघळतात आणि त्याला रक्तपिपासू ठरवून मोकळे होतात. त्याच भागात आणखी एक उदाहरण आहे. फाशीच्या कैद्याने धोकादायक वैद्यकीय प्रयोगाला होकार दिला तर त्याला जगू द्यावं का? कांट साफ नाही म्हणतो. न्याय विकाऊ झाला तर तो न्यायच उरत नाही. कैदी समाजाच्या फायद्याचं नुसतं साधन नव्हे, ही त्याची भूमिका. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवा, मगच त्याच्याशी भांडा.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा १८२१ चा ग्रंथ पहिल्या वर्षी उघडू नका. त्याच्या मते शिक्षेने गुन्हेगाराचा विवेकी माणूस म्हणून मान राखला जातो, एवढं ध्यानात ठेवून पुढे जा. प्लेटोचा ‘प्रोटॅगोरस’ हा संवाद आता वाचा. झालेलं कृत्य पुसता येत नाही, शिक्षा पुढच्यासाठी असते, हा विचार तिथे आहे. फक्त तो प्लेटोच्या नव्हे, संवादातल्या प्रोटॅगोरस या पात्राच्या तोंडी आहे, हे विसरू नका.

इंग्रज विचारवंत बेंथॅमच्या १७८९ च्या ग्रंथातलं तेरावं प्रकरण शेवटी ठेवा. शिक्षा ही स्वतःच एक अनिष्ट गोष्ट, म्हणून ती कुठे देऊ नये याची तो यादी करतो. लहान मूल, वेडाच्या भरातला माणूस, कायदा होण्याआधीचं कृत्य: इथे शिक्षेचा धाक चालणारच नव्हता, म्हणून ती व्यर्थ. पटतं ना? पण त्या मुलाला झालेली शिक्षा बघून बाकीच्यांना धाक बसू शकतोच की! मग मुलाला सोडायचं कशाच्या आधारावर? कायद्याचा तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्टने बेंथॅमला इथेच पकडलं. ‘का’ आणि ‘कोणाला’ हे प्रश्न सुटे करणारा त्याचा १९५९ चा निबंध या प्रकरणाला लागूनच वाचा, मध्ये दुसरं काही घेऊ नका.