नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत काम कसे शोधावे

आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीचे निकाल हाती आले की सातपूर आणि अंबडच्या रस्त्यांवर प्लास्टिकची फाइल घेऊन फिरणारी मुले-मुली दिसू लागतात, आणि त्यांतील बहुतेकांची पावले ठरावीक पाच-सहा फाटकांकडेच वळतात. महिंद्रा, बॉश, सिएट, सीमेन्स, एबीबी ही नावे त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असतात. गावातले कोणीतरी तिथे नोकरीला असते. फाटकावरचा सुरक्षारक्षक अर्ज ठेवून घेतो, महिनाभर फोन येत नाही, आणि मग नाशिकमध्ये नोकऱ्याच उरल्या नाहीत असे समजून मुले पुण्याजवळच्या चाकणची गाडी धरतात. अंबडमधील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि नव्या उमेदवारांची पहिली चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे असे. स्पर्धा तीव्र आहे हे मी नाकारत नाही, परंतु मोठ्या कारखान्याच्या दाराशी जितकी गर्दी असते तितकी त्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांच्या दाराशी नसते, आणि तिथली बहुतेक भरती जाहिरातीशिवाय होते, हे मी रोज पाहिले आहे. म्हणून कामाचा शोध या पुरवठादारांपासून सुरू करावा, असे माझे सांगणे आहे.

मोटारीचा किंवा स्विचगिअरचा (वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांचा) एक मोठा कारखाना अनेक लहान कारखान्यांवर चालतो. कोणी त्याला यंत्रावर कापून घडवलेले भाग देतो, कोणी पत्र्याचे प्रेस केलेले भाग, कोणी प्लास्टिकचे साचेकाम करून देतो, कोणी मुलामा किंवा पावडर कोटिंग करतो, आणि कोणी केवळ पॅकिंग व वाहतूक सांभाळतो. सातपूर, अंबड, सिन्नरजवळील मुसळगाव आणि माळेगाव, मुंबई-आग्रा महामार्गावरील गोंदे, दिंडोरीच्या बाजूचे अक्राळे या प्रत्येक ठिकाणी असे कारखाने आहेत. निमा आणि आयमा या येथील उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांच्या सभासदांच्या यादीतून आणि एमआयडीसीच्या रस्त्यांवरील प्लॉटच्या पाट्या वाचून तुम्ही स्वतःची यादी करावी. यादीत कारखान्याचे नाव, प्लॉट क्रमांक, तो काय बनवतो आणि कोणाला पुरवतो या चार गोष्टी असाव्यात. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले, त्यानंतर प्रवासी वाहनांत डिझेल गाड्यांचा वाटा घटला आणि ज्यांचे सगळे काम डिझेल इंजिनाच्या भागांवर उभे होते त्या लहान कारखान्यांना त्याची झळ पोहोचली. विजेची उपकरणे, स्विचगिअर आणि ट्रान्स्फॉर्मर यांच्या भागांचे काम निराळ्या बाजारपेठेशी बांधलेले असते. ज्या दारात जायचे त्या दारामागे कोणत्या भागाचे काम चालते हे आधी कळले, तर निदान मागणी आटलेल्या कामाच्या दारात महिने जाणार नाहीत.

यादी झाल्यावर बायोडेटा तयार करावा आणि तो एका पानाचाच ठेवावा. आईवडिलांची नावे, धर्म, छंद, 'मी प्रामाणिक व मेहनती आहे' असे वाक्य, यांपैकी काहीही सुपरवायझरच्या उपयोगाचे नसते. त्याला ट्रेड किंवा शाखा, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हाताळलेली यंत्रे, मोजण्याची साधने, राहण्याचे ठिकाण आणि पाळीत काम करण्याची तयारी एवढेच पाहायचे असते. संगणकाच्या आज्ञांवर चालणारे सीएनसी यंत्र फॅनुक किंवा सीमेन्स यांपैकी कोणत्या कंट्रोलवर (नियंत्रण प्रणालीवर) चालवले ते लिहावे. केवळ बटण दाबून चालवले असेल तर तेवढेच लिहावे, सेटिंग येते असे लिहू नये, कारण ते यंत्रासमोर पाच मिनिटांत उघडे पडते. पत्ता लिहिताना पाथर्डी फाटा, त्रिमूर्ती चौक, पंचवटी, नाशिकरोड असा ओळखीचा भाग लिहावा, कारण रात्री अकराला सुटणारा मुलगा घरी कसा पोहोचेल याचा विचार भरती करणारा माणूस करतो.

प्रत्यक्ष जाण्याची वेळ निवडणे हे मुले सहसा टाळतात. पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासात कोणीही बोलण्याच्या मनःस्थितीत नसते आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसांत तर सगळे माल रवाना करण्याच्या घाईत असतात. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि त्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते हे विचारून घेऊन जावे. फाटकावर 'नोकरी आहे का' असे विचारले तर उत्तर 'नाही' असेच येते, कारण रक्षकाला ते ठाऊक नसते आणि ते सांगणे त्याचे कामही नसते. त्याऐवजी 'मी टर्नर आहे, सीएनसीवर एक वर्ष काम केले आहे, प्रॉडक्शनच्या साहेबांना पाच मिनिटे भेटता येईल का' असे विचारावे. रक्षकाशी आदराने बोलावे, त्याचे नाव लक्षात ठेवावे. दुसऱ्यांदा जाल तेव्हा आत निरोप तोच पोहोचवणार आहे. जवळच्या चहाच्या टपरीवर जेवणाच्या सुट्टीत कामगार येतात. कोणत्या विभागात माणसे कमी आहेत, कोणता ठेकेदार पगार वेळेवर देतो, ही माहिती तिथे जितकी खरी मिळते तितकी कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

आता चाचणीविषयी सविस्तर सांगतो, कारण चांगले गुण असलेली मुले तिथेच मागे पडताना मी पाहिली आहेत. मी उमेदवाराच्या हातात व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घेण्याचे साधन, आणि एक तयार भाग देत असे. जो मुलगा जबडे पुसून, मिटवून, शून्य शून्याला मिळते का हे आधी पाहत असे, त्याच्याविषयी माझे निम्मे मत तिथेच चांगले होई. त्यानंतर मी व्हर्निअरचे लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, विचारत असे. नेहमीच्या व्हर्निअरचे ते ०.०२ मिलिमीटर असते आणि मायक्रोमीटरचे ०.०१. मग ड्रॉइंगवरचे २५ ± ०.०५ असे माप दाखवून हा भाग कुठून कुठपर्यंत चालेल असे विचारत असे, उत्तर २४.९५ ते २५.०५. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असे: माप २५.०८ भरले तर काय कराल? पुष्कळ जण लगेच 'रिजेक्ट' म्हणत. परंतु ते माप दंडाच्या (शाफ्टच्या) बाहेरच्या व्यासाचे असेल तर आणखी थोडा धातू काढून भाग वाचवता येतो, आणि तेच माप भोकाचे असेल तर काढलेला धातू परत भरता येत नाही, म्हणून तो भाग भंगारात जातो. हा फरक ज्याला स्वतः सुचतो, त्याला यंत्रावर उभे करायला कोणताही सुपरवायझर तयार होतो. याची तयारी घरी करता येते. ओळखीच्या वर्कशॉपमधून आठवडाभर व्हर्निअर मागून आणावे आणि स्टीलचा पेला, नट-बोल्ट, नाणी, नळाची तोटी असे जे हाताला लागेल ते मोजून वहीत लिहावे; तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून दोन्ही मापे जुळतात का ते पाहावे.

सीएनसीसाठी जाणाऱ्याला प्रोग्रॅममधल्या आज्ञा, म्हणजे जी-०० म्हणजे जलद सरकणे, जी-०१ म्हणजे सरळ रेषेत कापणे, जी-०२ आणि जी-०३ म्हणजे घड्याळाच्या व उलट दिशेने वळण, एम-०६ म्हणजे हत्यार बदलणे आणि एम-३० म्हणजे प्रोग्रॅमचा शेवट, हे न अडखळता सांगता आले पाहिजे. एखादी गोष्ट येत नसेल तर 'येत नाही, शिकेन' असे स्पष्ट म्हणावे. अंदाजाने यंत्र चालवणारा माणूस एका पाळीत हजारोंचे हत्यार मोडू शकतो, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तीच भीती असते.

पदवीधर अभियंत्यांची अडचण थोडी वेगळी आहे. लहान कारखान्याला पदविकाधारक परवडतो आणि पदवीधर सहा महिन्यांत सोडून जाईल असे वाटते. या शंकेला कामाच्या भाषेत उत्तर द्यावे. मोटार उद्योगाच्या पुरवठादारांना आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकानुसार कागदपत्रे सांभाळावी लागतात. कंट्रोल प्लॅन (भाग कुठे व कसा तपासायचा याचा आराखडा), पहिल्या भागाची मंजुरी, पीपीएपी (भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रे), ग्राहकाची तक्रार आल्यावर द्यावा लागणारा आठ टप्प्यांचा अहवाल, या कामांत कारखानदार कायम मागे पडलेले असतात. ज्याला ही कागदपत्रे भरता येतात आणि एक्सेलमध्ये रिजेक्शनचा आठवडी तक्ता नीट मांडता येतो, त्याच्यासाठी जागा नसली तरी केली जाते.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा फास सोडवण्याचा सर्वांत सरळ मार्ग ॲप्रेंटिसशिप हा आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, म्हणजे ही जागा कारखानदाराने उपकार म्हणून दिलेली नसते. नोंदणी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर करावी. २०१९च्या सुधारणेत विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरवण्यात आली होती. ओझरच्या एचएएल या विमाने बनवणाऱ्या सरकारी कंपनीतही शिकाऊ उमेदवार घेतले जातात, त्यामुळे तिथल्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन सहसा नसते, हे मात्र पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे, आणि त्या काळात एकाच यंत्रावर अडकून न राहता विभाग बदलून मागावा. राज्य सरकारची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. तिच्यासाठी आणि रोजगार मेळाव्यांसाठी महास्वयम् पोर्टलवर नाव असणे आवश्यक आहे.

बहुतेकांचे पहिले काम ठेकेदारामार्फतच मिळते, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु डोळे उघडे ठेवून रुजू व्हावे. पगार सांगितला जातो तेव्हा तो आठ तासांचा की बारा तासांचा, हे पहिल्यांदा विचारावे. जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट आहे, आणि बारा तासांचा एकत्रित आकडा सांगून तो दर झाकला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे, तेव्हा ते मागावे आणि त्यावर नाव ठेकेदाराचे आहे की कारखान्याचे, हे वाचावे. भविष्य निर्वाह निधीचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. ज्या वेतनावर निधी कापला जातो ते १५,००० असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि मालकाने स्वतःचे आणखी १,८०० भरायचे असतात, त्यांतील १,२५० निवृत्तिवेतनात आणि ५५० निधीत जातात. काही ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून वळते करतात, आणि काही जण कापलेली रक्कम भरतच नाहीत. माझ्या हाताखालच्या एका मुलाला हे चौदा महिन्यांनी कळले, कारण तोवर त्याने एकदाही पासबुक उघडले नव्हते. उमंग या सरकारी ॲपवर यूएएन (निधीचा खाते क्रमांक) टाकून दर महिन्याला ते पाहावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विमा योजनेसाठी तुमच्या वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्याचे कार्ड हातात घ्यावे, सातपूरचे कामगार विमा रुग्णालय घरच्यांच्याही उपयोगी पडते.

नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या प्रत्येकापासून दूर राहावे. गणवेशाचे, सुरक्षा ठेवीचे, 'साहेबांपर्यंत पोहोचवण्याचे' अशी कारणे बदलतात, पण काम लावण्याआधी पैसे मागणे हीच फसवणुकीची खूण आहे. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेसमधील भरती जाहिरात देऊन आणि परीक्षा घेऊन होते. तिथे मागच्या दाराने लावून देतो असे म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. कित्येक आईवडिलांनी अशा आश्वासनापायी जमिनीचा तुकडा विकला आहे. पैसे ऑनलाइन गेलेच, तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर झाला की रक्कम रोखणे अवघड होते.

यंत्रांशी ज्यांचा संबंध नाही त्यांनी वसाहतींपुरते पाहू नये. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी आणि निफाडच्या पॅकहाउसना दर्जा तपासणारी, नोंदी ठेवणारी माणसे लागतात; मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखे मोठे प्रक्रिया केंद्र त्याच पट्ट्यात आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यांकडे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि निर्यातीची कागदपत्रे येणाऱ्या वाणिज्य पदवीधराला काम मिळते. २०२६-२७च्या सिंहस्थानिमित्त निघणारी कामे मात्र मुदतीची आहेत, हे समजून ती स्वीकारावीत.

काम मिळेपर्यंतचे महिने कसे घालवावे, याचा प्रश्न पगाराइतकाच कठीण असतो. घरात बसून राहिलेल्या मुलाच्या हातातील सफाई दोन-तीन महिन्यांत जाते आणि मुलाखतीत ते लगेच जाणवते. म्हणून एखाद्या लहान लेथच्या दुकानात अर्ध्या पगारावर का होईना, दिवसाचे चार तास उभे राहावे आणि मुलाखतीत मधल्या काळाविषयी विचारले तर तेच सांगावे. सोबत एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणत्या प्लॉटवर गेलो, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले आणि पुन्हा कधी बोलावले, हे रोज संध्याकाळी लिहावे. 'सध्या नाही' हे उत्तर मिळालेल्या दारात तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा जावे, कारण तेवढ्या काळात कोणीतरी सोडून गेलेले असते, नवी ऑर्डर आलेली असते किंवा तिसरी पाळी सुरू झालेली असते. आमच्याकडे लागलेली बरीच मुले दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीतली होती, आणि रक्षकाने 'तो परवाचा पोरगा परत आलाय' असे आत सांगितल्यावर मी स्वतः फाटकापर्यंत जाऊन त्यांना बोलावून आणले आहे.