नाण्यांचा संच घ्यायचाय? आधी टांकसाळीकडे बघा

भारताच्या स्मारक नाण्यांचे (म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांचे) संच दलालाकडून चढ्या भावाने घेण्याआधी टांकसाळीचे अधिकृत संकेतस्थळ बघा. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी ‘एसपीएमसीआयएल’ या सरकारी कंपनीच्या आहेत. नोंदणी ठरावीक मुदतीतच खुली असते, म्हणून घोषणांवर लक्ष ठेवा. पार्सल यायला महिने लागू शकतात, तेवढा धीर हवाच.

‘प्रूफ’ संच आरशासारखा चकचकीत आणि महाग असतो. माझ्या मते पहिल्या खरेदीला साधा ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांचा) संच पुरे. आणि कृपा करून नाणी मूळ वेष्टनातून काढू नका, पुसू तर मुळीच नका! बोटाचा एक ठसा प्रूफ नाण्यावर कायमचा राहू शकतो. पावतीही संचासोबतच जपा.