दोन पुड्या, एकच खोकं

तुमच्या ऑनलाइन दुकानातून एकाच गिऱ्हाइकाने हळद आणि तिखट दोन्ही मागवलं, तर दोन्हींवर वेगवेगळं शिपिंग लावू नका. कुरिअरवाले साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतात. वायगाव हळदीची २०० ग्रॅमची पुडी खोकं-चिकटपट्टी धरून २६० ग्रॅम भरते; सोबत तेवढंच भिवापुरी तिखट टाकलं तरी पार्सल ४७० च्या आत, म्हणजे त्याच टप्प्यात. तिसऱ्या पुडीला टप्पा ओलांडतो, चौथी त्यातच मावते. म्हणून पहिल्या वस्तूला पूर्ण भाडं लावा, आणि दुकानाच्या शिपिंग सेटिंगमधल्या ‘प्रत्येक जादा वस्तू’ या रकान्यात वाढीव टप्प्याच्या भाड्याच्या निम्मंच टाका. वजन मात्र अंदाजाने नको. पॅक करून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा, तो काही नाही म्हणत नाही.

कुरडयांना हा हिशेब लावला अन् मी आपटलो. माल किलोभर, पण खोकं ३०×२५×२० सेंटिमीटरचं. खासगी कुरिअर बहुधा या गुणाकाराला ५००० ने भागतात, आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असले तर त्यांचेच पैसे लावतात. बिल आलं ३ किलोचं! कुरडया-पापडांचा शिपिंग गट, म्हणजे भाड्याचे दर, वेगळाच ठेवा, आणि गिऱ्हाइकाला पैसे भरायच्या आधीच एकूण भाडं दिसू द्या.