जहाजांची जुनी पोस्टर्स अभ्यासायची आहेत? खालच्या ओळीपासून सुरुवात करा

उपयोजित कला शिकून या विषयाकडे वळणारी मुलं पोस्टर समोर आलं की लगेच रंगसंगतीवर, आर्ट डेको शैलीवर बोलू लागतात. मी त्यांना आधी चित्राखालची अक्षरं वाचायला लावते. कंपनी कोणती, जहाज कुठून कुठे जातं, मध्ये कोणती बंदरं, आणि अगदी तळाशी बारीक टायपात छापखान्याचं नाव. पोस्टर काढलं गेलं ते तिकिटं खपावीत म्हणून. गिऱ्हाईक कोण ते कळलं की चित्र उलगडतं.

रेड स्टार लाइन ही अँटवर्प-न्यूयॉर्क मार्गावरची कंपनी. आँरी कासिये या बेल्जियन चित्रकाराने तिच्यासाठी केलेल्या पोस्टरांत किनाऱ्यावर पारंपरिक पोशाखातली माणसं दिसतात, जहाज मागे दूरवर. युरोप कायमचं सोडून निघालेली लाखो माणसं तेव्हा अशाच कंपन्यांच्या जहाजांनी जात होती. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी स्थलांतरितांची संख्या आवळली आणि थर्ड क्लास ओस पडू लागला. मग कंपन्यांनी विद्यार्थी, शिक्षक, सुट्टीवर निघालेला मध्यमवर्ग यांना साद घातली. म्हणून माझ्या मते १९२४ च्या अलीकडची आणि पलीकडची पोस्टरं शेजारी शेजारी ठेवून पाहणं हा पहिला धडा.

दुसरा धडा कासांद्र या फ्रेंच पोस्टर-चित्रकाराचं १९३५ चं ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाचं पोस्टर. हे मी किती वेळा पाहिलं तरी डोळे निवत नाहीत. जहाज ३१३ मीटर लांब, पण चित्रात लांबी औषधालाही नाही! नजर पाण्याच्या पातळीवर, समोर नुसता नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) उभा कडा, थेट आभाळात चढलेला. खाली पाण्यालगत इवलेसे पांढरे पक्षी. ते बोटाने झाका, जहाज लगेच लहान होतं. आणि इथेही खालची ओळ वाचाच: हेच चित्र वेगवेगळ्या मजकुरासह पुन्हा पुन्हा छापलं गेलं, त्यामुळे आवृत्ती ओळखायची ती अक्षरांवरून.

छपाई समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातली बरीच पोस्टरं शिळाछापाची: प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि सगळे एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. आपल्याकडे रविवर्मा प्रेसची (आधी गिरगाव, मग मळवली) देवादिकांची चित्रं याच तंत्राने निघाली. आजोळी एखादं जुनं चित्र असेल तर त्यावर दहापट भिंग धरा. खडूचा ओबडधोबड दाणा दिसेल, कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असेल. आता आजच्या छापील कॅलेंडरवर धरा: एकसारख्या ठिपक्यांची जाळी. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून येणाऱ्या कित्येक नकला या जाळीवरूनच पकडल्या जातात.

फ्रेंच शिकायला लागा, निदान तळटिपा वाचण्यापुरती. लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाचे आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट) या कलासंग्रहालयाचे साठे घरबसल्या पाहता येतात, पण कागद हाताळायचा सराव त्यातून मिळत नाही. त्यासाठी एखाद्या अभिलेखागारात किंवा कागद-संवर्धन प्रयोगशाळेत उमेदवारी करा, पगार बेताचा असला तरी. तिथे पोस्टर उलटं करून पाहायची सवय लागते: पाठीला कापड चिकटवलंय का, घड्या कुठे होत्या, सेलोटेपचे पिवळे डाग आहेत का. टेप स्वतः कधीही ओढू नका. नोंद करताना माप, मजकूर, छापखाना, पाठीची स्थिती या क्रमाने लिहा आणि शैलीबद्दलचं वाक्य सगळ्यात शेवटी.